न झिजलेले पॅड

शहर संपून मोठा रस्ता सुरू होतो तिथे तिचं वर्कशॉप होतं, आणि त्या रस्त्यावर तिला कुणी नावाने ओळखत नसे. ब्रेकवाली म्हणायचे. पंक्चर घेऊन कुणी आलंच तर ती पलीकडच्या टायरवाल्याकडे नुसतं बोट दाखवायची. तिचं काम एकच. गाडीच्या मागे जोडून ओढतात ती चाकांवरची घरं, कॅरॅव्हॅन, त्यांना विजेचे ब्रेक बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे.

त्यात जादू काही नाही. चालवणाऱ्याने ब्रेकवर पाय दिला की गाडीतला कंट्रोलर मागे वीज सोडतो, कॅरॅव्हॅनच्या चाकातलं चुंबक ड्रमला चिकटतं, त्याने ब्रेक शू ड्रमवर आतून दाबले जातात आणि मागचं घर गाडीच्या बरोबरीने थांबतं. गिऱ्हाइकांना ती हे संसाराच्या भाषेत सांगायची. दोघांनी एकदम थांबायचं, थांबण्याचं सगळं ओझं एकट्यावर पडलं तर तो जळणार. नवरा-बायको जोडीने आले असले तर बायको हमखास हसायची आणि नवरा खाली वाकून चाक बघायचा. कंट्रोलरला एक छोटी दांडीही असते. ती बोटाने सरकवली की फक्त मागचे ब्रेक लागतात. कॅरॅव्हॅन झोकांड्या खायला लागली तर सावरायला, नाहीतर तपासणीपुरती. रोज वापरायची चीज ती नव्हे.

बाबांनी उभं आयुष्य मालट्रक चालवले. ब्रेक म्हणजे काय हे तिला लहानपणी त्यांनीच दाखवलं, पण तिच्या कामाला चांगलं म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. फार झालं तर 'चालेल' म्हणत. त्या एका 'चालेल'वर ती आठवडाभर खूश असायची, आणि हे कुणाला कळू नये म्हणून उगाच चिडचिड करायची. काम सुटल्यावर बाबांनी राहतं घर विकलं आणि कॅरॅव्हॅन घेतली. यांना वेड लागलंय असं आई सगळ्यांना सांगत सुटली, आणि सांगता सांगता तिने कॅरॅव्हॅनच्या खिडक्यांना पडदेही शिवून टाकले. तेव्हापासून ती दोघं फिरतीवर होती. मध्येच कधीतरी लेकीच्या वर्कशॉपमागे मुक्काम ठोकत.

त्या वर्षी मात्र मुक्काम वाढले. ब्रेक जळायला लागले होते. आधी एकदा, मग पुन्हा, आणि आता ही तिसरी खेप. प्रत्येक वेळी तिने नवे ब्रेक शू घातले, चुंबकं बदलली, आणि प्रत्येक वेळी बाबा जळका वास घेऊन परत आले.

"तुझ्या कामात राम राहिला नाही," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी घाट उतरून तुझ्या बहिणीकडे जायचंय. आज नीट जमत असेल तर सांग, नाहीतर दुसऱ्या कुणाला दाखवतो."

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. दुसरा कुणी म्हणजे कोण, अख्ख्या रस्त्यावर? पण रागापेक्षा धास्ती मोठी होती. त्या उतारावर मागचे ब्रेक जळून गेले तर अख्खं घर गाडीच्या पाठीवर येणार, आणि गाडीत तिचे आईबाप.

तिने कॅरॅव्हॅन जॅकवर घेतली. चाकांच्या गंजलेल्या पिना कापून काढल्या, तुकडे तिथेच जमिनीवर पडले. ड्रम उतरवले तर आतून निळे पडलेले, शूची पार राख. ब्रेक सुटल्यावरही चाक घासत असेल म्हणावं तर उतरवण्याआधी ते मोकळं फिरत होतं. अर्थिंग नीट होतं. गाडी आणि कॅरॅव्हॅन जोडणाऱ्या प्लगच्या पिना लख्ख होत्या. कंट्रोलरवर ब्रेकचा जोर तिने लावून दिला होता तेवढाच होता, बाबांनी तो बदललेला नव्हता. सगळं जिथल्या तिथे, आणि तरी ब्रेक जळतात. पाणी कुठे मुरतंय ते कळेना. आपलंच काही चुकतंय, हा विचार तिने आयुष्यात पहिल्यांदा मनापासून केला, आणि तो तिला अजिबात मानवला नाही.

शेवटी तिने वायरीला मीटर लावला आणि बाबांना गाडीत बसवलं. "मी सांगते तेव्हा ब्रेक दाबा."

"दाबू का?"

"दाबा."

मीटर हलेना.

"दाबा ना, बाबा."

"दाबलाय म्हणतोय ना. तुझा मीटर बघ आधी."

ती मीटर हलवून बघणार तेवढ्यात आकडा एकदम वर गेला. वीज येत होती, भरपूर येत होती. तिने मान वर केली. गाडीचे मागचे लाल दिवे लागलेच नव्हते.

पाय दाबला की दिवे लागतात. लागले नाहीत म्हणजे पाय ब्रेकवर नव्हताच. बाबांनी हाताने दांडी सरकवली होती.

ती गाडीच्या पुढच्या चाकाशी गेली आणि आत बॅटरी मारली. बाबांची गाडी म्हणून वर्षापूर्वी तिनेच घातलेले ब्रेक पॅड. एव्हाना अर्धे तरी झिजायला हवे होते. ते जवळजवळ कोरे होते. एवढं मोठं धूड बाबा महिनोन्‌महिने दोन बोटांनी थांबवत होते, एकट्या मागच्या चाकांवर. जळतील नाहीतर काय होईल?

बाबांना गाडीतच ठेवून ती कॅरॅव्हॅनच्या मागच्या दाराने आत शिरली. आई जॅकमुळे तिरक्या झालेल्या ओट्यापाशी कप विसळत होती.

"आई, बाबांच्या पायाला काय झालंय?"

आईने कप पुसला, मग दुसरा पुसला. "साखरेने बधिर झालाय. खाली पेडल आहे की नुसती जमीन, कळत नाही त्यांना."

"आणि तू शेजारी बसतेस?"

"बसते म्हणून तर निभतंय. लाल दिवा लांबून दिसला की सांगते. पुढचा हळू झाला की सांगते. डोळ्यांत तेल घालून बसते गं मी, गाणंसुद्धा लावू देत नाही."

"मला का नाही सांगितलंस? वर्षभर ते माझ्या कामावर खापर फोडतायत."

"तुला सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस," आई म्हणाली. "मग आम्ही राहायचं कुठे? तुझ्या अंगणात, जॅकवर?"

आईचा राग आला होता आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटत होतं. यातलं काहीच तिला जमलं नाही.

बाहेरून बाबांचा आवाज आला. "किती वेळ बसवणार मला गाडीत? आणि हे काय सांडून ठेवलंयस? वर्कशॉप म्हणायचं का उकिरडा? जरा पुसत जा."

ती दारात आली. बाबा गाडीतून उतरून कामाच्या जागेतून चालत आले होते. उजव्या पायात चप्पल नव्हती, ती पेडलपाशी निसटून राहिली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मागे सिमेंटवर एकाआड एक लाल ठिपके उमटले होते, त्यांच्या पायापर्यंत येऊन पोचलेले. काहीतरी सांडलंय म्हणून बाबा तिला तेच ठिपके दाखवत होते.

"बाबा, बसा," ती म्हणाली.

"कशाला?"

"बसा म्हणते ना."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, ते उतरवलेल्या ड्रमवर बसले. तिने त्यांचं पाऊल उचलून मांडीवर घेतलं. कापलेल्या पिनेचा तुकडा टाचेत चांगला आत गेला होता. बाबांनी वाकून बघितलं आणि मग त्या ठिपक्यांकडे बघितलं.

आई दारात येऊन उभी होती. "ड्रम बसवू नकोस," ती लेकीला म्हणाली. "राहू दे तसेच. आम्ही उद्या जात नाही."

बाबांनी आईला गप्प बसवलं नाही. हे घरात पहिल्यांदाच झालं.

पेटीतला चिमटा घेऊन ती तुकडा काढायला लागली.

"म्हणजे तुझे ब्रेक चांगले होते," बाबा हळूच म्हणाले. "पहिल्यापासून."

वर्षभर हे ऐकायला तिचे कान आसुसले होते. आता त्याचं तिला काही वाटेना. त्यांनी ओरडावं, पाय मागे घ्यावा, तिला शिवी द्यावी, एवढंच हवं होतं. तिने चिमटा जरा जोरात आत घातला, मग मुद्दाम आणखी जोरात.

बाबा तिच्या तोंडाकडे बघत बसले होते, निघाला का तुकडा म्हणून.