बैल मागे येईपर्यंत

सुकलालभाऊला एका जागी बसून गाता येत नाही, हे आम्हांला शके अठराशे अठ्ठावन्नच्या फाल्गुनात कळलं. तोवर त्याला बसवून गायला लावलं होतं कुणी?

तो आमच्या मळ्यावरचा सालदार. लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीला आले तेव्हापासून आमच्या विहिरीवर मोट हाकणारा तोच. विहीर परसदारापासून हाकेच्या अंतरावर. पहाटे मी तुळशीला पाणी घालायला बाहेर येई आणि तिकडे त्याची मोट सुरू होई. भरली मोट ओढत बैल उताराने खाली निघाले की नाड्यावर हात ठेवून तोही त्यांच्याबरोबर चाले आणि गाई. मोट वर येऊन थारोळ्यात पाणी धो धो पडलं की गाणं थांबे. मग बैल पाय मागे घेत घेत विहिरीशी येत, तोवर हा गप्प. पुन्हा उतार, पुन्हा गाणं. माझ्या प्रदक्षिणा त्याच्या गाण्यावर होत. तो गप्प झाला की मी उभी राहून हात जोडी. इतकी सवय झाली होती की आजारपणात माहेरी राहिले तेव्हा प्रदक्षिणा घालताना मला थांबायचं कुठे तेच कळेना.

शब्द साधेच असत. देवाचं नाव, पाण्याचं नाव, बैलांची नावं. पण चाल रोज निराळी. एकदा म्हटलेली चाल महिनाभराने जशीच्या तशी परत येई, जशी माहेरवाशीण. हे याला कुणी दिलं असेल, असं मनात येऊन मी कितीदा तांब्या हातात तसाच धरून उभी राहिले आहे.

दिवाळीनंतर यांनी मळ्यावर तेलाचं इंजिन आणलं. बघायला गाव लोटलं. यांनी सुकलालभाऊला काढलं नाही, इंजिनवरच ठेवलं. तेल घालायचं, चाक फिरवून द्यायचं, पाट वळवायचे. अंगाचे कष्ट कमी झाले त्याचे. पण आमची पहाट मुकी झाली. एकदा ताक घेऊन गेले तेव्हा मी विचारलं, "भाऊ, गानं काबर सोडं?"

त्याने इंजिनाकडे बोट केलं. "हाऊ दमच घेस नही, वयनी. मी कव्हय गाऊ?"

हसून म्हणाला खरा. मग तांब्या परत देताना खाली बघून म्हणाला, "मोट गयी. आते गानं बी मन्हासंगेच जाई." पोटी मूलबाळ नव्हतं त्याला. त्या चाली हीच त्याची प्रजा. त्या जायच्या कुठे, हा घोर त्याला लागला होता, आणि खरं सांगते, मलाही.

त्याच हिवाळ्यात शाळेच्या मास्तरांनी गजेंद्राच्या मोक्षाचं संगीत नाटक लिहिलं. तळ्यात उतरलेल्या हत्तीचा पाय मगर धरते, तो सोंडेत कमळ घेऊन देवाला हाक मारतो, आणि विष्णू धावत येतो, ती कथा. रामनवमीच्या जत्रेत दोन दिवस करायचं ठरलं. पेटी उमेदमलशेटची. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, पण शेट आमच्यासारखेच अहिराणी बोलत. किराणा-कापडाचं दुकान आणि पायपेटीचा भारी नाद. गिऱ्हाईक उभं असलं तरी पाय खाली भाता हलवीत. त्यांना धुळ्याचा गवई आणून नाटक कंपन्यांच्या चाली बसवायच्या होत्या.

मास्तर म्हणाले, "शेट, हे मोठ्या ताकदीने ओढणाऱ्याचं गाणं आहे. चाली सुकलालच्या घ्या."

"सुकलाल? इंजिनवाला?"

"मोटवाला," मास्तर म्हणाले.

शेवटी शेटनी तोड काढली. "पहिला रोज तुम्हना सुकलालना. लोके चुळबुळ करतीन, तं दुसरा रोज मन्हा गवईना. मंग बोलानं नही."

तालीम आमच्या खळ्यात. दाराच्या आडून मला सगळं दिसे. पहिल्या दिवशी सुकलालभाऊ धुतलेलं धोतर नेसून आला, मांडी घालून बसला. डोळे मिटून त्याने उचल केली,

"सोंड उचलली देवा, कमळ तुझ्या पायी,
पाय ओढते मगर, तळ लागत नाही."

शेट डोलायला लागले. आणि गाणं एकदम बंद! शेट भाता हलवताहेत, पेटी सूर धरून बसली आहे, आणि हा समोर बघत स्वस्थ. शेटच्या कपाळावर घाम आला तेव्हा कुठे पुढची ओळ.

"अरे भाऊ, कोठे गया व्हता तू? आठे मन्ही पेटीना जीव जाई ऱ्हायना!"

"मी कोठे गऊ? आठेच शे."

"मंग थांबना काबर?"

"मी थांबनूच नही!" सुकलालभाऊला शेटचंच नवल वाटलं.

पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. दोघांची जुंपायची वेळ आली. मला राहवेना. दाराच्या आडूनच म्हटलं, "तो थांबना नही, शेट. त्याना बैल मांगे येई ऱ्हायनात."

हे हसले, मास्तर हसले, शेट तर पेटीवर डोकं ठेवून हसले. सुकलालभाऊ हसला नाही. त्याने आपल्या पायांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "खरंच शे."

आता ती मोकळी जागा भरायची कशी? शेटनी पेटीवर गोड हरकती घेऊन बघितल्या. सुकलालभाऊची ओळ चुकली. "वाजाडू नका शेट, बैल बिचकतस." मास्तरांनी चार शब्द जादा जोडले, ते त्याच्या तोंडात बसेनात. आठवडाभर हेच. शेट नुसते मान हलवीत आणि धुळ्याच्या बाजूला बघत.

एके दिवशी मास्तर चहाची बशी तशीच ठेवून उभे राहिले. "अहो, हत्ती पुढे ओढतो तेव्हा गाणं! मगर त्याला मागे ओढते तेव्हा गप्प! सुकलाल, तू हत्तीत शीर!"

झालं. पुढचे पाय सुकलालभाऊ, मागचे पाय शेटच्या दुकानातला मापाडी. बांबूच्या कामट्यांचं अंग, त्यावर काळी घोंगडी, कानांना माझी दोन सुपं. सोंड काही जमेना. कापडाची केली तर ती आजारी गाईच्या शेपटीसारखी लोंबे. मग सुकलालभाऊ उठून गोठ्यात गेला आणि आढ्याला टांगलेली जुनी मोट खांद्यावर घेऊन आला. मोटेला पाणी ओतायची चामड्याची सोंड असतेच की! कापून हत्तीला लावली. हलवली तर खुद्द हत्ती.

देवाच्या नाटकात चामडं कसं चालेल, असं कुणी म्हणालं. मी म्हटलं, "जन्मभर त्याच सोंडेनं पानी आपन देवले घालं ना?" आणि तिला हळदकुंकू लावलं.

जत्रेच्या पहिल्या दिवशी उन्हं उतरल्यावर नाटक उभं राहिलं. आसपासच्या गावांतून गाड्या भरभरून माणसं आली होती, पुरुष समोर, आम्ही बायका उजव्या अंगाला. मगर झाला होता दलसिंग पैलवान. पोटावर सरपटत आला तर पोरं किंचाळली. त्याने हत्तीचा पाय धरला. सुकलालभाऊने घोंगडीच्या आतून उचल केली आणि ओढत चार पावलं पुढे आला. तोच आवाज, आमच्या पहाटेचा. ओळ संपली. दलसिंगने मागे खेचलं. हत्ती पाय मागे घेत घेत चालला, आणि सगळीकडे शांत.

शेट पेटीवर पाय धरून बसले होते. त्यांची नजर लोकांवर. आता चुळबुळ होते की काय! देवा, त्याची लेकरं सांभाळ, एवढंच मी म्हटलं.

दुसरी ओळ. पुन्हा मागे. तेवढ्यात पार मागून एका म्हाताऱ्या गळ्यातून आलं, "ये रे मांगे... ये रे राजा..."

मोटेचे बैल मागे घेताना कुणी कुणी घालतात ती साद. म्हाताऱ्याला कळलंही नसावं आपण काय बोललो. पण तिसऱ्या वेळी ती दहा तोंडांतून आली, आणि चौथ्या वेळी अख्खं पटांगण. सारे मोट धरलेलेच ना! शेकडो गळे, हळू, एका लयीत, "ये रे मांगे... ये रे राजा..." आणि ते थांबलं की हत्तीतून गाणं. मी बाजूला बघितलं तर बायकांचे हात जोडलेले होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं ती जागा रिकामी आहे. ती रिकामी नव्हतीच कधी.

आता विष्णूने यायचं. विष्णू म्हणजे शेटचा धाकटा भाऊ अमृतलाल. येईना! हत्ती पुन्हा पहिल्यापासून गायला लागला. दलसिंगचा श्वास पुरेना, तो खालून कुजबुजला तो पुढच्या रांगेपर्यंत ऐकू आला, "अरे कोनी तरी देवले धाडा रे!" शेट पेटी सोडून आत धावले. तर अमृतलाल मुकुट घालून, चक्र हातात घेऊन, पडद्याला डोकं टेकून उभा. डोळ्यांतून धारा. गाणं ऐकता ऐकता आपणच देव आहोत हे विसरून गेला होता. शेटनी ढकलला तेव्हा तो आला, आणि देव असा रडत आलेला बघून सगळं पटांगण उभं राहिलं.

घोंगडी काढली तेव्हा सुकलालभाऊ घामाने न्हाला होता. शेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग उपरण्याने त्याचं तोंड पुसत उद्याच्या खेळाबद्दल म्हणाले, "सकाय पेटी जरा हळू वाजाडसू मी. तुन्हा बैल बिचकाले नको."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तुळशीपाशी गेले. आमचं इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. सुकलालभाऊ तेलाचा डबा हातात घेऊन विहिरीवर उभा होता, नुसता उभा. मी हाक मारणार, तोच ऐकू आलं. खालच्या मळ्यातून, जिथे अजून मोट होती, "सोंड उचलली देवा..." ओळ संपली, बैल मागे निघाले, तिथे शांत झालं. आणि त्याच वेळी ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून तीच ओळ उठली. ती थांबते तोच तिसरीकडून, पार वेशीकडच्या मळ्यातून. एकाची थांबायची वेळ ती दुसऱ्याची गायची. कुणी कुणाला बघत नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं, पण गाणं काही थांबेना.

सुकलालभाऊने डबा खाली ठेवला.

मी प्रदक्षिणेला सुरुवात केली. हात जोडायला उभं राहायची जागाच मिळेना. चालतच राहिले.