शामलाबाईनं शिट्टी फुकली तेव्हा

कामठी ते नागपूरच्या सदरपर्यंत शेअर ऑटो मी अठरा वर्षांपासून चालवून राहिलो. भले भले पाहिले. पण शामलाबाईसारखं माणूस पाहिलं नाही. अन् हे कोण सांगून राहिला, तं मी, ज्याले बाईच्या हातात ऑटो दिसला की आधी पोटात दुखे.

आमच्या कामठीच्या स्टँडवर पहिले एका पहेलवानाची चालत होती. त्यानं शिट्टी फुकली की नंबर ज्याचा त्यानं सवाऱ्या भरायच्या. अन् नंबर कोणाचा, हेही तोच ठरवे. आपली माणसं पुढे घुसवे. चार वर्षांआधी आमच्यातल्याच चंद्रभानचं डोकं सटकलं. त्यानं आपला ऑटो स्टँडच्या तोंडाशी आडवा लावला अन् चावी खिशात टाकली. त्याच्या बाजूले पहिला ऑटो लागला तो शामलाबाईचा. तीन दिवस एक चाक हललं नाही. पहेलवान गेला. आम्ही चंद्रभानले खांद्यावर घेऊन नाचलो अन् शिट्टी त्याच्या गळ्यात घातली.

वर्षभर खरंच न्याय होता. मग चंद्रभानचा साळा रोज पुढे दिसू लागला. गोविंदानं भर स्टँडवर विचारलं, "काहून गा, साळ्याचाच नंबर पहिला?" झालं. गोविंदाचा नंबर पंधरा दिवस बंद. घरी त्याची बायको बाळंतीण. आम्ही सगळे खाली मान घालून उभे. मीही. सांगाले लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामलाबाईचा ऑटो स्टँडच्या तोंडाशी आडवा.

चंद्रभान धावत आला. "बाजूले घे वं. तुलेही बंद करीन."

"कर नं भाऊ," ती म्हणाली. "आडवा लावाले तूच शिकवलं." अन् चावी कमरेले खोचून बसली.

मी माझा ऑटो तिच्या बाजूले लावला. मग तिसरा लागला, मग चौथा. दुपारी चंद्रभाननं गळ्यातली शिट्टी काढून तिच्या सीटवर ठेवली. गोविंदानं पहिल्या सवाऱ्या भरल्या.

सगळे म्हणाले, आता शिट्टी शामलाबाईची. तिनं सहज फुकून पाहिली. तं आमचे वीसच्या वीस ऑटो एकदम सुरू झाले. मीही चावी फिरवली, का फिरवली मले माहीत नाही. ती शिट्टीकडे पाहतच राहिली. मग कडुनिंबाले खिळा ठोकून तिनं ती टांगली. ज्याचा ऑटो भरला त्यानं मागच्यासाठी फुकायची अन् परत टांगायची. आजही तसंच चालू आहे.

एकदा मी विचारलं, "तू काहून नाही ठेवली वं? तू तं न्यायाची."

"फुकली अन् तुम्ही सगळे हलले," ती म्हणाली. "मले लय बरं वाटलं गा. चंद्रभानलेही पहिल्या दिवशी असंच वाटलं असंन."