जावयाला कोणी बोलत नाही

बोरीच्या आप्पाराव सुताराच्या छपरात १९५२ साली दोघे जण पेरणीच्या तिफणी घडवत. एक आश्रुबा, धान्यावर ठेवलेला गडी. दुसरा मुंजाजी, राणीसावरगावचा, आप्पारावांचा घरजावई. आप्पारावांना कोकिळा ही एकुलती एक मुलगी. छप्पर, हत्यारं आणि गावची कामं पुढे मुंजाजीकडेच जायची होती, शेतकऱ्यांनी त्याला सुतार मानलं तर.

आप्पारावांचं तोंड सकाळपासून चालू असे, आणि ते सगळं आश्रुबासाठी. पटाशी उलटी धरलीस. फणाचं भोक तिरपं गेलं. लाकूड ओलं घेतलंस, तुझ्या डोक्यासारखं. आश्रुबा निमूटपणे भोक सरळ करी. मग आप्पाराव मुंजाजीकडे वळत, त्याच्या तिफणीवरून हात फिरवत आणि म्हणत, "बरी हाय, जावईबापू."

पहिलं वर्ष मुंजाजी या मानावर खूश होता. दुसऱ्या वर्षी त्याच्या ध्यानात आलं की लोक त्याला राम राम घालतात, दाजी म्हणून चेष्टा करतात, चहा पाजतात आणि काम आश्रुबाला सांगतात. तेव्हापासून आश्रुबाला बसणारी प्रत्येक शिवी त्याला टोचू लागली. म्हाताऱ्याकडे सांगण्यासारखं जे काही होतं, ते त्या गड्याच्या पदरात पडत होतं. एकदा जेवताना तो कोकिळेला म्हणाला, की तुझ्या बापाला मुलगा नाही असं कोण म्हणतं, आश्रुबा आहे की. कोकिळेने भाकरी वाढली.

रब्बीच्या तोंडावर त्याने मुद्दाम एक काम बिघडवलं. शेतकरी किशनरावांच्या तिफणीत मधल्या फणाच्या भोकाचा कल असा ठेवला, की फण मातीत न शिरता वरून घसरावा आणि बी पाखरांसाठी उघडं पडावं. आप्पारावांनी हात फिरवला. बोट त्या भोकावर थांबलं.

"बरी हाय," ते म्हणाले.

मुंजाजी विहिरीवर हातपाय धुऊन परत आला, तर ती तिफण आश्रुबाच्या पुढ्यात होती. फण का घसरेल, पाचर कुठून मारायची, हे म्हातारा त्याला बोट ठेवून दाखवत होता. चूक मुंजाजीची, आणि तिच्याबद्दलचं बोलणंही आश्रुबाला. आपली आजवरची कामं अशीच तिकडे सरकत आली असणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"मामा, तुमी मला का बोलत न्हाई?" त्याने विचारलं.

आप्पाराव गडबडले. जावयाला कोणी बोलतं का, म्हणाले. गावसुद्धा बोलत नाही. एका घरचा जावई तो साऱ्या गावचा जावई. मग आवाज खाली आला. "तुमाला राग आला अन् पोरीला घिऊन सावरगावला गेलात, तर मी कुणाकडं बघू?"

"आता न्हाई बोललात तर जातो."

दुसऱ्या दिवशी आप्पारावांनी मधला मार्ग काढला. छपरातूनच घरात हाक दिली, "कोकिळा, त्यांना म्हणावं, पटाशी लय खोल चाललीय." मुंजाजी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

आतून आवाज आला, "आबा, मी भाकरी करायलेय. ते तुमच्या म्होरंच बसलेत."

म्हाताऱ्याने उपरण्याने तोंड पुसलं. जावयाकडे न बघता, लाकडाकडे बघत ते म्हणाले, "भोक पाडताना तुमी लाकडाकडं बघत न्हाई, जावईबापू. आश्रुबाकडं बघता. म्हणून हात चुकतो."

मुंजाजीने लाकूड फिरवून घेतलं आणि पुन्हा पटाशी लावली.

त्यानंतर बोलणी दोघांत वाटली गेली. आश्रुबाला ते आवडलं नाही. आपल्या तिफणीवरून म्हाताऱ्याचा हात नुसताच फिरला, की तो दिवसभर घुम्यासारखा बसे.

जोंधळा उगवून वर आल्यावर किशनराव छपराच्या दारात आले. मधली ओळ बरी आली, पण कडेची विरळ उगवली, म्हणाले, आणि सवयीने तिफण आश्रुबापुढे टेकवली. आश्रुबाने हात पुढे केला.

"हिकडं आणा," मुंजाजी म्हणाला. "माझ्या हातची हाय. काय काय चुकलं ते मला सांगा."

किशनरावांनी एकदा आप्पारावांकडे पाहिलं. मग ते मुंजाजीसमोर मांडी घालून बसले आणि सांगायला लागले.