मावशीने स्वतःच फोन लावला

मा ओकबुनचं गेमिंगचं दुकान आमच्याच इमारतीत, माझ्या लाँड्रीच्या डोक्यावर. कोरियातल्या गुनसानच्या बंदराकडच्या ह्या रस्त्यावर तिला नावाने कुणीच हाक मारत नाही. शाळकरी पोरं म्हणू नका, गोदीतले हमाल म्हणू नका, सगळ्यांची ती मावशी. शाळा सुटली की पोरं दप्तरं पायाशी टाकून कॉम्प्युटरसमोर बसायची आणि ही मागच्या शेगडीवर राम्यॉनच्या शेवया उकळून, वर अंडं फोडून, ज्याच्या त्याच्या जागेवर वाडगा नेऊन ठेवायची. नवऱ्याशी फारकत झाल्यावर तिने हे दुकान टाकलं. मुलगा ग्युहो इथल्याच खुर्च्यांवर झोपून मोठा झाला.

रक्तपाताच्या खेळांवर लाल शिक्का असतो, अल्पवयीनांना मनाईचा. ओकबुनला त्या शिक्क्याचं हसू यायचं. म्हणायची, "माझा ग्युहो लहानपणापासून पडद्यावर माणसं मारत आलाय. आज इस्पितळात म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतो." पण पाळायची मात्र डोळ्यांत तेल घालून. कारण पकडलं गेलं तर पोराला कुणी काही म्हणत नाही; दंड मालकाला आणि टाळं दुकानाला. पलीकडच्या चौकातलं एक दुकान त्यापायी कायमचं बसलं होतं.

धुळीने आभाळ पिवळं झालं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. एक उंचापुरा पोरगा आला, तोंडाला मास्क, सारखा खोकत. लाल शिक्क्याचा खेळ मागितला. ओकबुनने ओळखपत्र मागितलं, त्याने दाखवलं. फोटो जुळल्यासारखा वाटला, वयही बसत होतं. मास्क काढ म्हणावं असं तिच्या मनात आलं, पण तो इतका खोकत होता की तसं म्हणणं तिला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच पोरगा शाळेच्या गणवेशात आला, बरोबर दोन मित्र. त्याचं नाव टेग्योम, इयत्ता नववी. ओळखपत्र चुलतभावाचं होतं. आदल्या दिवशी दुकानातच बसलेल्या मित्राकडून त्याने खेळतानाचा स्वतःचा व्हिडिओ काढवून घेतला होता, मागे दुकानाचं नाव स्पष्ट दिसत होतं. तो तिने शांतपणे पाहावा म्हणून फोन त्याने काउंटरवर ठेवला आणि गोड आवाजात सांगितलं की आम्ही रोज येणार, हवं ते खेळणार, हवं ते खाणार. नाहीतर पोलिसांना एक फोन.

ओकबुनने तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, ग्युहोलाही नाही; मलाही हे सगळं नंतरच कळलं. तेव्हा मला एवढंच दिसे की दारावरची घंटी वाजली की ती दचकते. जेवणावरची वासना उडाली होती. एकदा विचारलं तर म्हणाली, झोप नीट लागत नाही, पाळी जायचं वय आहे, तुम्हा पुरुषांना काय कळणार.

पोरांचं मागणं वाढत गेलं. आधी नुसतं खेळणं, मग वाडग्यावर वाडगे, मग कोपऱ्यातली चांगली जागा राखून ठेवणं. त्या जागेवर गोदीचा एखादा माणूस बसला असेल तर टेग्योम नुसता तिच्याकडे बघायचा. ती जाऊन त्या माणसाला हात जोडून उठवायची. जुनी गिऱ्हाइकं चिडून यायची बंद झाली.

मग एका शनिवारी दुपारी मी धुतलेले खुर्च्यांचे अभ्रे द्यायला वर गेलो होतो. दुकान भरलेलं. टेग्योम आला तो धाकट्या भावाला घेऊन. पोर इतकं लहान की खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नव्हते. हातात काडीला खोचलेलं सॉसेज.

"मावशी, ह्याला तो बंदुकीचा लावून दे," टेग्योम म्हणाला. "जरा मर्द होऊ दे."

"तिसरीत असेल हा."

"दुसरीत. मी नववीत आहे, ते चालतं ना तुला? टाळं काय, एकच लागणार."

दोघे मित्र खिदळले. ओकबुन जागची हलली नाही. त्याने खिशातून फोन काढला, पोलिसांचा नंबर दाबला आणि अंगठा हिरव्या बटणावर अधांतरी धरून फोन तिच्यासमोर नाचवला.

"लावू?"

माझ्या हातातले अभ्रे मी तसेच धरून उभा. जवळच्या दोघातिघांनी कानावरचे हेडफोन काढले होते. ओकबुन त्या लहानग्याकडे बघत होती. तो काडी चाटत शेजारच्या पडद्यावरची धडधड बघत होता.

"राहू दे," ती म्हणाली. "मीच लावते."

आणि तिने काउंटरवरचा फोन उचलला. शब्द एकेक करून आले. "मी मा ओकबुन बोलतेय. माझ्या दुकानात अल्पवयीन मुलगा मनाईचा खेळ खेळतो. आज नाही, बरेच दिवस. मला ठाऊक होतं आणि मी त्याला खेळू दिलं. माणूस पाठवा."

टेग्योमचा अंगठा अजून हवेतच होता. "मावशी, ठेव ना फोन. मस्करी केली गं." मित्र केव्हाच जिन्यावरून पळाले होते. तोही पळाला असता, पण धाकटा खुर्चीवरून उतरेना. टेग्योम त्याला ओढतो आणि ते पोर रडतं, एवढ्यात पोलीस पोचले.

त्यातल्या वयस्क हवालदाराने तिला पुन्हा पुन्हा विचारलं, "बाई, तुम्ही तुमचीच तक्रार करताय, हे कळतंय ना तुम्हाला?" ती प्रत्येक वेळी हो म्हणाली आणि दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण त्याच्या हवाली केलं.

दुसऱ्या दिवशी टेग्योमची आई आली, मासळीबाजारातून थेट, पायात रबरी बूट. माझ्या दारातच तिने ओकबुनला गाठलं. "विष विकायचं आणि वर माझ्या पोराला पोलिसात द्यायचं. तुला लेकरू नाही का?"

"आहे," ओकबुन म्हणाली. "म्हणूनच फोन केला. आधी गप्प बसले, ते चुकलं माझं. धाकट्याला तरी सांभाळ."

ती बाई तशीच वळली आणि बुटांचा चपचप आवाज करत निघून गेली.

नगरपालिकेत सुनावणी झाली तेव्हा मी साक्षीला गेलो होतो. साहेबांनी विचारलं, इतके दिवस का सहन केलंत? ती म्हणाली, "साहेब, पडद्यावरच्या बंदुकीची मला कधी भीती वाटली नाही. त्याच्या अंगठ्याची वाटली." पहिल्या दिवशीची चूक माफ झाली, कारण ओळखपत्र दाखवल्याचं चित्रीकरणात होतं. पुढचं सगळं तिने जाणूनबुजून होऊ दिलं, त्याबद्दल दुकान बंद ठेवायचा हुकूम निघाला. स्वतःहून कळवलं म्हणून मुदत अर्धी केली, पण ती नेमकी हिवाळ्याच्या सुट्टीत आली, वर्षाची कमाई होते तेव्हा. टेग्योमवर धमकावल्याचं प्रकरण बालन्यायालयात गेलं. पुढे त्याला मामाकडे नामवॉनला पाठवल्याचं ऐकलं.

ग्युहोने आईला दुकान विकायचा आग्रह केला. दोघांचं जोरात वाजलं, मला खाली ऐकू येत होतं. तिने विकलं नाही. उघडलं तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गोदीवाले मात्र हळूहळू परतले.

दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी तिने मला वर बोलावून काउंटरशी बसवून घेतलं होतं. घंटी वाजली की तिचा हात माझ्या बाहीवर यायचा. संध्याकाळपर्यंत बाही चुरगळून गेली. वसंतापर्यंत मी रोज दुपारी थोडा वेळ तसाच जाऊन बसत होतो.