राक्षसाला पंख हवेत

काकांना बुरूज हवे होते. एखाददुसरा नव्हे, चांगले सातआठ, टोकदार, सोनेरी, आणि प्रत्येकावर निशाण. मी विचारलं, "असा किल्ला असतो कुठे?" तर म्हणाले, "कुठेच नसतो, म्हणून तर काढायचा. लोहगड काढलास तर मुलं म्हणतील, हा आम्ही कालच पाहून आलो."

काकांचा लोणावळ्यात चिक्कीची खोकी बनवायचा छोटा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पुठ्ठ्याचे गठ्ठे, खळीचं पातेलं आणि खोकी चिकटवणाऱ्या बायका. मागणी मंदावली की काकांच्या डोक्यात काहीतरी नवीन येई. त्या वर्षी आलं ते असं: मुंबईहून बंगल्यांवर येणारी मुलं धुक्यात अडकून कंटाळतात, त्यांच्यासाठी पटावरचा एक खेळ काढायचा. सापशिडीसारखा, पण नुसत्या सोंगट्या सरकवायच्या नाहीत. एकाने राजपुत्र व्हायचं, एकाने चेटकीण, एकाने चोर, एकाने वैद्य. ज्याने जे सोंग घेतलं त्याने तसंच बोलायचं, तसंच वागायचं, आणि राक्षसाला चुकवून किल्ल्यात पोचायचं. कल्पना चांगली होती, हे मी आजही कबूल करते. पट रंगवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात चित्रं काढणारी मीच.

मला ते काम काकांपेक्षा जास्त हवं होतं. मॅट्रिक झाल्यापासून मी पुण्याला चित्रकला शिकायला जायचं म्हणत होते आणि बाबा ऐकलं न ऐकल्यासारखं करत होते. काकांचा बेत कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "पट छापून दुकानात लागला तर जा पुण्याला. नाही लागला तर हा विषय बंद, आणि टायपिंगचा क्लास." बाबा रेल्वेत होते. होय आणि नाही यांच्या मधली जागा त्यांना आवडत नसे.

काकांचा माझ्यावर विश्वास होता तो माझ्या हातामुळे नाही, माझ्या शाळेमुळे. "कॉन्व्हेंटात शिकलीस. राजवाडे, पऱ्या, ते सगळं तुला ठाऊक." ठाऊक होतंच. शाळेच्या लायब्ररीतल्या जाड, गुळगुळीत चित्रांत मी सातव्या-आठव्या वर्षापासून तेच पाहत आले होते. पांढरे घोडे, गुडघ्यापर्यंत केस, आणि असं आकाश की ज्यातून कधी काही पडत नाही. त्या चित्रांतल्या एकाही माणसाच्या पायाला चिखल लागलेला नसे. डोंगर चढून आलेला राजपुत्रसुद्धा इस्त्री केल्यासारखा दिसे. लहानपणी मला ते सुंदर वाटायचं. पुढे पुढे राग यायला लागला, आणि तो कोणाला सांगायचा हे कळत नव्हतं. मी फार बोलणाऱ्यांतली नव्हतेच.

म्हणून मी काढून दाखवलं. माझ्या पटावरची वाट भातखाचरांच्या बांधावरून निघत होती आणि कारवीच्या झुडपांतून डोंगरावरच्या कुरवंडे गावाच्या बाजूला चढत होती. धुकं. इरलं पांघरून जाणारं कोणीतरी, फक्त पाय दिसणारं. आत कोण आहे ते सांगायचं नाही. चेटकीण म्हणजे डोक्यावर मोळी घेतलेली बाई, पण तिची सावली इतरांच्या उलट दिशेला पडलेली. मला वाटत होतं, सगळं ओळखीचं असावं आणि एकच गोष्ट बिघडलेली असावी. मग भीती वाटते.

काकांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"ही चेटकीण की मोळीवाली?"

"सावली बघा ना काका."

"मुलं सावली बघत बसणारेत? तिला टोपी घाल. उंच. चांदण्यांची."

मी टोपी घातली नाही. पुढच्या खेपेला त्यांनी राजपुत्राच्या गुडघ्यावरचा चिखल खोडरबराने पुसायला घेतला. तो जलरंग होता. कागदाला भोक पडलं, आणि तेही माझ्याच नावावर गेलं. काकूने आतून विचारलं, "अहो, तिला काढू द्याल का तिच्या मनाने?" तेव्हा काका वैतागून म्हणाले, "बरं. बायकांना खेळायला देऊ. त्यांना आवडला तर तुझा छापू, नाहीतर माझा."

खोकी चिकटवणाऱ्यांत कुरवंड्याच्या एक मावशी होत्या आणि त्यांची सून. दुपारी भाकरी झाल्यावर मी शेडमध्ये पट मांडला, फासे दिले, चिंचोके वाटले. सोंगं वाटताना पहिली अडचण आली. मावशींच्या वाट्याला चोर आला.

"मी न्हाई चोर व्हणार."

"मावशी, खेळ आहे."

"खेळात बी न्हाई. भाऊंच्या कारखान्यात बसून चोर म्हणवून घिऊ व्हय? उद्या काय हरवलं म्हंजे?"

सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी चेटकीण घ्या. शोभंल."

"घे तूच. तुला शिकवायला नगं."

शेवटी मावशी वैद्य झाल्या आणि लगेच सगळ्यांची नाडी बघू लागल्या. सून चोर झाली आणि पहिल्या फेरीतच मावशींचे दोन चिंचोके उचलले. मावशींनी तिच्या हातावर चापट मारली. खेळ रंगला. काका दारात उभे होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की पुणं जवळ आलं.

मग सुनेची सोंगटी पटाच्या मधोमध आली. तिथे मी राक्षसाऐवजी वाटेवरचा देव काढला होता. झाडाखाली शेंदूर फासलेला एक दगड, पुढे वाळक्या डहाळ्यांचा ढीग. आमच्याकडे खिंडीत असे देव असतात. येणाऱ्याजाणाऱ्याने एक डहाळी टाकायची आणि पुढे जायचं. माझ्या खेळातला नियम तोच: एक चिंचोका ठेवायचा. नाही ठेवला तर धुकं उतरतं आणि वाट चुकते. सगळ्या पटात मला आवडलेली जागा ती होती.

सुनेने सोंगटी हवेतच धरली. "हितं कशी ठिवू? देवाच्या डोस्क्यावर?"

"शेजारी ठेवा," मी म्हटलं.

मावशींनी वाकून पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. हात पटाला लावून कपाळाला लावला. मग मला म्हणाल्या, "ताई, ह्यो आमच्या वरच्या वाटंचाच."

"नाही हो. मनाने काढलाय."

"मनानं काढला आन त्योच आला, मंग तर लयच झालं."

त्यांनी पट जमिनीवरून उचलून गठ्ठ्यावर ठेवला. खेळ संपला. मी समजावत राहिले की हे चित्र आहे, खोटं आहे. त्या मान हलवत होत्या, पण फाशाला हात लावत नव्हत्या. तेवढ्यावर निभावलं असतं. पण पट खोक्यात बसायचा तर मधोमध दुमडायला हवा, आणि दुमडण्यासाठी पुठ्ठ्याला मागून सुरीने रेघ मारावी लागते. काकांनी नेमकं तेव्हाच मावशींना विचारलं, घडी कुठे घालायची.

"देवाच्या पाठीत सुरी घालू, भाऊ?"

"मावशी, कागद आहे तो."

"पंचांग बी कागदच की. त्येच्यात भजी बांधाल?"

काका माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो. "बघ. म्हणून म्हणतो, जे कुठेच नाही ते काढावं. त्याची कोणी पूजा करत नाही."

मला कोणाचा राग आला होता तेच ठरेना. काकांना माझं चित्र फार साधं वाटत होतं आणि मावशींना फार खरं. एकाला टोपी हवी, दुसरीला उदबत्ती. ते नुसतं बघायला कोणीच तयार नव्हतं. आणि टायपिंगच्या क्लासची चौकशी बाबांनी करून ठेवली होती.

काकांनी तोड काढली. वाट राहू दे, धुकं राहू दे, चिखलसुद्धा राहू दे. दगडाच्या जागी राक्षस हवा. पंखांचा, सोनेरी, तोंडातून ज्वाळा.

"कुरवंड्याच्या वाटेवर?" मी म्हटलं.

"तुला पुण्याला जायचंय ना?"

मी राक्षस काढला. रागात काढला, त्यामुळे असेल, पण चांगला उतरला. लायब्ररीतली सगळी चित्रं हातात होतीच. पंखांच्या शिरा, खवले, नाकपुड्यांतला धूर. भातखाचराच्या वर तो असा बसला होता, जणू लग्नातला बँडवाला चुकून दुसऱ्याच्या मयतीला आलाय. मावशींनी पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "ह्यो कुनाचा पावना?" मग सुरी घेऊन मागून, बरोबर त्याच्या मानेवर येईल अशी रेघ मारली आणि पट दुमडला.

पट छापून आला. सोनेरी शाई जरा पसरली होती. चिक्कीच्या दुकानात खोकी लागली त्या संध्याकाळी काकांनी एक घरी आणलं. बाबांनी चष्मा लावला, पट टेबलावर उलगडला आणि बराच वेळ पाहिला. बोट बांधावरून, कारवीतून, इरल्यावरून न थांबता पुढे गेलं आणि राक्षसावर थांबलं.

"हे तू काढलंस?"

"हो."

"हे खरं काम," ते म्हणाले. "बाकीचं काय, आपल्या दारातून दिसतंच ते."

काका कौतुकाने माझ्याकडे पाहत होते. इरल्याखालचे ते पाय मी पुसून पुसून किती वेळा काढले होते, हे सांगून काही उपयोग नव्हता. सांगितलं असतं तर बाबांनी पट परत नीट पाहिला असता, आणि हातात आलेलं पुणं मला पणाला लावायचं नव्हतं.

"फॉर्म आण," बाबा म्हणाले. "आणि तिथे विचारलं तर हेच दाखव."

मी हो म्हटलं आणि आत जाऊन फॉर्म आणला.