मीटर ऐकत नाही

आमच्या तेलगावच्या गल्लीत एक अफवा पसरली आहे. ती माझ्यामुळे पसरली, हे आता लिहून टाकतो.

माझ्या ओसरीवर विजेचा स्मार्ट मीटर बसला, तेव्हा बसवणारा म्हणाला, "हा मीटर वीज ऑफिसशी बोलतो." मी निवृत्त मास्तर. जमलेल्या गल्लीला ऐटीत सांगितलं, "जो बोलतो, तो ऐकतोही."

तेव्हापासून समोरचा वेल्डर, माझा जुना दोस्त, चहाला आला की कुजबुजू लागला. त्याला मुळात कमी ऐकू येतं, मलाही. आम्ही हातवारे करत चहा प्यायचो. पूर्वीची मोकळी भांडणं बंद झाली आणि मला चहा गोड लागेना.

शेवटी त्याच्या कानाशी लागून खरं सांगितलं. मीटर फक्त कधी किती वीज वापरली ते कळवतो. कुठली गल्ली अंधारात आहे, हेही ऑफिसला फोनशिवाय समजतं. वापरावरून कुठे किती वीज लागेल याचा अंदाज येतो. ऐकण्याचं मी पदरचं घातलं होतं.

तो माझ्या कानाशी आला. "मास्तर, मी रोज मीटरला म्हणतो, साहेब, तुमचं काम लई चांगलं हाय. म्हणून तर आपली लाईट जात न्हाई."

"अरे, तो ऐकत नाही!"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मग वळून, मीटरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, पण अदबीनं म्हणाला, "मास्तरांचं मनावर घेऊ नका, साहेब. वय झालं हाय त्यांचं."