पाताळातलं डाळिंब

शनिवार. हजर: सातवीच्या मुली, गोष्टींच्या बाई आणि वसतिगृह सांभाळणारी मी.

बाई ग्रीक पुराणकथा सांगतात आणि ऐन मोक्याला हात झटकून म्हणतात, "शेवट तुम्ही लिहायचा." सकाळी त्यांनी पाताळात नेलेल्या मुलीची गोष्ट सांगितली. तिनं तिथलं डाळिंब खाल्लं, म्हणून ती अडकली.

दुपारी नातेपुत्याहून आलेली नवी मुलगी जेवेना. "हितलं खाल्लं की हितंच ऱ्हावं लागतंय." माझं समजावणं वाया गेलं.

बाईंनी तिच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. "मी दर शनिवारी इथंच जेवते. मग संध्याकाळी होटगीला घरी जाते की नाही?"

"जाताय की, बाई," म्हणत तिनं घास घेतला.

बाकीच्या मुलींच्या गोष्टी जमा झाल्या. हिच्या गोष्टीतल्या मुलीला अजून घरी आणायचं राहिलंय.